जॉब कार्डच्या मागे

हिंदुराव मामा म्हणाले, "पोरगं पूल टाकतंय बघा!
मान मागं, छाती वर, टाचा रुतल्यात दुपट्यात,
सात आठवड्यांचं पोर,
आत्ताच तालमीला लागलं की!"
सगळे हसले. मीही हसलो.
गंगावेशीत कट्ट्यावर उभ्यानं
धारोष्ण दुधाचे दोन तांबे रिचवून आलेला माणूस,
त्याला रगीशिवाय दुसरं काय दिसणार?

सुलक्षणा हसली नाही.
तिच्या खांद्यावर आंबूस पांढरा डाग वाळत होता,
त्या दिवसातला चौथा.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
जॉब चकमध्ये नीट बसला नसेल
तर डोळ्याआधी कानाला कळतं.
शेजारच्या मशीनचं बेअरिंग गेलेलं
मी चहा पिता पिता सांगतो.
आणि घरात?
घरात मी एवढंच म्हणायचो, "रडतोय, बघ गं."

त्या रात्री सेकंड शिफ्ट सुटून आलो
आणि दिवा न लावता नुसता ऐकत बसलो.

आधी घटघट, सरळ, एका लयीत.
मग एक अडखळ. सोडलं. धरलं. परत सोडलं.
भुकेचं रडं चढत जातं; हे मधेच तुटत होतं.
आणि दोन रडण्यांच्या मध्ये
एक ओला, चोरटा आवाज,
वर आलेलं काहीतरी परत गिळल्याचा.
मग पाठ ताठ.
मग उचकी, बराच वेळ.

"माझंच दूध त्याला नको झालंय का?"
अंधारातून ती म्हणाली.
तिनं रस्सा सोडला होता, मग वांगं, मग हरभऱ्याची डाळ,
जो येईल तो एकेक पदार्थ ताटातून उचलून नेत होता.
तीन आठवडे मऊ भात आणि तूप.
मला हे माहीत होतं.
म्हणजे, डबा भरताना दिसत होतं.

खिशात जॉब कार्ड होतं: फ्लँज, नग चाळीस.
पालथं केलं आणि लिहीत गेलो.

१.४० डावीकडं, आठ मिनिटं. तीनदा सोडलं.
१.५५ आडवा. कमान.
२.०० उभा घेतला. गप्प.
२.१० आडवा. परत तेच.
२.१५ थोडं दूध टाकलं. पांढरंच.

चार रात्री. चार कार्डं.

राजारामपुरीत मगदूम डॉक्टरीणबाईंनी
आधी वजन केलं, वाढत होतं.
मग कार्डं वाचली, उलटवली,
फ्लँज बघून हसल्या.
"पोटाच्या तोंडाशी झडप असते, ती अजून कच्ची आहे.
आडवा केला की पोटातलं वर येतं, जळजळत असणार.
बऱ्याच बाळांचं होतं, वाढेल तशी झडप बसते.
थोडं थोडं पाजा, मधे ढेकर काढा,
प्यायल्यावर वीसेक मिनिटं उभा धरा.
झोपवायचं मात्र पाठीवरच.
हिरवं पडलं, रक्त दिसलं, पिणंच सोडलं,
तर घड्याळ न बघता या."
मग सुलक्षणाकडं वळून,
"आणि तुम्ही जेवा बाई."

इतके दिवस रडली नव्हती ती.
तिथं, वजनकाट्यापाशी रडली.

झडप ढिली म्हटल्यावर मला लगेच समजलं,
माझा हात आपसूक पान्ह्याकडं गेला असेल.
पण इथं आवळायचं काही नाही.
धरून उभं राहायचं, एवढंच.

अजून टाकतो. काल दोनदा.
संध्याकाळी हिंदुराव मामा आले, "काय रं इंद्रजीत, आज पूल न्हाई?"
मी पोर त्यांच्या हातात दिलं.
"मान सांभाळा. असं, खांद्याशी. वीस मिनिटं."

बसले नाहीत. बोललेसुद्धा नाहीत.
पंजाएवढी ती पाठ, पंजाखाली.
अठराव्या मिनिटाला कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर
कोमट धार उतरली.
मी फडकं शोधायला धावलो तर म्हणाले,
"हलू नगंस. आत्ता डोळा लागलाय त्येचा.
ऱ्हाऊ दे. दूधच हाय."